पाहुण्यांच्या गोळ्या

त्या दिवशीही आईच्या पिशवीची चेन अर्ध्यावर अडकलेली होती, आणि त्या दिवशीही ती सोडवायच्या भानगडीत आई पडली नाही. फार्मसी कॉलेजच्या तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. तिच्या एका भिंतीशी खोटंखोटं औषधाचं दुकान मांडलेलं असतं: रिकाम्या खोक्यांनी भरलेली कपाटं, काउंटर, वर लोंबणारा दिवा. आई दारातून आत आली, काउंटरसमोर उभी राहिली, चेनच्या फटीतून हात घालून गोळ्यांची एक स्ट्रिप काढली, काउंटरवर ठेवली आणि पलीकडे पांढरा कोट घालून उभ्या असलेल्या उंच मुलाला म्हणाली, ‘‘या हव्या होत्या.’’ मागे खिडकीपाशी, मार्कांचा कागद पॅडला लावून, आईची मुलगी उभी होती. मन आजारी असलेल्या माणसाशी औषधाच्या दुकानात कसं बोलायचं, हे ती या मुलांना शिकवते. कॉलेजात ती मॅडम. समोरची पेशंट बाई ही मॅडमची आई आहे हे खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मुलांना वाटायचं, कॉलेजने कुठल्यातरी नाटक कंपनीतून एक वयस्कर नटी ठरवून आणली आहे, आणि काय काम करते बाई, अगदी खरं वाटतं.

उंच मुलाचा हात स्ट्रिपकडे गेला. सगळ्यांचाच जातो. आईने तळवा स्ट्रिपवर झाकण ठेवावं तसा ठेवला. ‘‘गोळ्या कुठे पळून जात नाहीत. आधी माझ्याकडे बघा.’’ त्याने पाहिलं. झोप कशी आहे, विचारलं. खाणंपिणं, घरात सोबत कोण आहे, विचारलं. मग त्याचे कान लाल झाले, त्याने कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि एकदाचं विचारलं, ‘‘आयुष्य संपवावं असं कधी मनात येतं का?’’ विचारलं मात्र सरळ, नजर न चुकवता. खिडकीपाशी मॅडमचं पेन कागदावर टेकलंही. पण आईने तोंड उघडायच्या आत त्याचा कोंडलेला श्वास सुटला आणि त्याच श्वासात तो म्हणाला, ‘‘रोज एक, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर.’’

मग आई शांतपणे म्हणाली, ‘‘काय, संपवायचं ते?’’

सगळा वर्ग फुटला. उंच मुलगा स्वतः काउंटरवर कपाळ टेकवून हसला. आईला तर खोकला लागला. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात कोणी करणार नाही. घाबरला की वकील कलम सांगेल, मास्तर शांत बसायला सांगेल. औषधवाल्याची जीभ मात्र डोसाकडे पळते, कारण तिथे तिच्या पायाखाली जमीन असते. खोकला थांबल्यावर आई पेशंट बाई राहिली नाही, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली. ‘‘अरे, विचारलंस छान. पण विचारलंस आणि दार लावून घेतलंस. उत्तर बिचारं बाहेरच उभं राहिलं. विचारल्यावर गप्प बसायचं. अवघड आहे, पण बसायचं. चल, पुन्हा.’’ त्याने पुन्हा विचारलं, आणि या वेळी गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात वरच्या दिव्याची बारीक घरघर ऐकू आली. जाताना त्याने धीर करून विचारलं, ‘‘बाई, तुम्ही नाटकात कामं करायचात का?’’ आई पिशवी खांद्याला लावत म्हणाली, ‘‘हो तर. घरी. प्रयोग पुष्कळ झाले, पाहायला मात्र कोणाला बोलावलं नाही.’’ खिडकीपाशी उभ्या मॅडमनी कागदात डोकं घातलं.

हे सगळं सुरू झालं ते काही वर्षांपूर्वी, आईच्या स्वयंपाकघरात. त्या वर्षी पेशंटचं काम विद्यार्थ्यांपैकीच कोणीतरी करायचं अशी पद्धत होती, आणि एका मुलाने केस विस्कटून, डोळे गरगरा फिरवून असं काही सोंग आणलं होतं की वर्ग हसून लोळला. संध्याकाळी आईकडे जाऊन तिने ते चिडून सांगितलं. आई भाजी निवडत होती. निवडून झाली, देठं गोळा करून टोपलीत टाकली, हात धुतले आणि म्हणाली, ‘‘मी येते. नाटक करणार नाही. जशी गोळ्या घ्यायला जाते तशी येईन. आणि तुझी आई म्हणून येणार नाही.’’ तिने का म्हणून विचारलं. आईने सबंध आयुष्य शाळेत भूगोल शिकवला होता. आजारपणाने नोकरी मध्ये दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा तिने ती परत मिळवली होती. नदी कुठे उगम पावते हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, ‘‘मॅडमची आई म्हटलं की पोरं माझ्याशी जपून बोलतील. मला जपून बोललेलं नकोय. जन्मभर लोक जपूनच बोलले. मला नीट बोललेलं हवंय.’’ त्या दिवसापासून त्या खोलीत आई म्हणजे ‘अहो बाई’ आणि ती म्हणजे ‘मॅडम’. वर्ग सुटला की दोघी वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायच्या आणि कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर भेटायच्या, घरच्यांना चोरून भेटणाऱ्या जोडप्यासारख्या. आईला त्याची भारी गंमत वाटायची. ‘‘कोणी पाहिलं नाही ना ग?’’ असं ती मान न वळवता, ओठ न हलवता विचारायची.

लपवाछपवीचा सराव दोघींना होता म्हणा. आजाराला घरात नाव नव्हतं. आई कधी महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडून असायची, तर कधी एका दुपारी घरातली सगळी दारं रंगवून काढायची, शेजाऱ्यांच्या दारासकट. वडील चांगले होते पण भित्रे होते. आईच्या गोळ्या आणायला ते मुलीला पाठवायचे, आणि पाठवताना दारात बजावायचे, ‘‘कोणाच्या म्हणून विचारलं तर सांगायचं, पाहुण्यांच्या आहेत.’’ दुकानदार चिठ्ठी वाचायचा, मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहायचा, कोणाच्या ग या म्हणून विचारायचा, आणि ती शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हणायची, पाहुण्यांच्या. तो पुडकं कागदात बांधायचा, त्यावर आणखी एक कागद. एवढे आजारी पाहुणे यांच्याकडे सारखे कसे येतात, असं त्याच्या मनात येत असेल का, याचा ती रस्ताभर विचार करायची. ते पुडकं तिच्या हातात हलकं असायचं आणि तरी दोन्ही हातांनी धरावंसं वाटायचं. पुढे हे आईला कळलं तेव्हा ती पोट धरून हसली, आणि घराला त्या आजारासाठी एक शब्द मिळाला. सकाळी चहा पिताना आई सांगायची, ‘‘पाहुणीची चाहूल लागलीय ग. डॉक्टरांकडे लवकर जाऊन येते.’’ किंवा, ‘‘पाहुणी गेली एकदाची. चादरी धुवायला टाक.’’ वडील गेल्यावर गोळ्या आई स्वतःच आणू लागली आणि तो प्रश्न मुलीला पुन्हा कोणी विचारला नाही. पण घसा काही विसरत नाही. पुढे मुलगी स्वतः औषधशास्त्र शिकली, काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिली, शिकवू लागली. तरी कुठल्याही दुकानात शिरताना ‘पाहुण्यांच्या’ हा शब्द गळ्याशी येऊन बसलेला तिला जाणवायचा, बोलावलेला नसताना आलेला.

आणि त्या खोट्या दुकानात, मार्कांचा कागद हातात धरून, तिला आई हळूहळू ऐकू येऊ लागली. घरी जे कोणी विचारलं नव्हतं ते तिथे पांढऱ्या कोटातली परकी मुलं विचारत होती, आणि आई उत्तरं देत होती. ठरवून लिहिलेलं उत्तर एकही नसायचं. सगळ्यात जास्त ऐकायला मिळालं ते पुटपुटीमुळे. पुटपुटी हे आईने ठेवलेलं नाव. आई मुलांची नावं लक्षात ठेवायच्या फंदात पडत नसे, टोपणनावं ठेवी आणि ती पक्की बसत. ही मुलगी आधीच्या एका वर्षातली, हुशार होती, पण कठीण प्रश्न आला की तिचा आवाज तिच्याच कॉलरमध्ये जाऊन बसायचा. ‘‘काय म्हणालीस?’’ आई कानामागे हात धरून विचारायची. ‘‘तुझ्या कोटाच्या बटणाला विचारतेयस का मला?’’ पुन्हा. पुन्हा. सबंध सत्र तेच चाललं. बाकीची मुलं पास होऊन पुढे गेली, पुटपुटी रडून आली, तोंड धुऊन आली आणि परत काउंटरमागे उभी राहिली. मग एके दिवशी काय झालं कोणास ठाऊक, तिने कोटाच्या बाह्या वर केल्या आणि स्वच्छ विचारलं, ‘‘बाई, मरून जावंसं वाटतं का तुम्हाला?’’ आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणंही स्वच्छ होतं.

आई म्हणाली, ‘‘आता नाही. एकदा वाटलं होतं. खूप. मुलगी शाळेत होती तेव्हा.’’ पुटपुटीने विचारलं, मग? आई म्हणाली, ‘‘मग काही नाही. गोळ्या आणायला दुसऱ्याच एका दुकानात गेले होते, लांबच्या, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. जास्त मागितल्या. तिथल्या बाईंनी चिठ्ठी पाहिली, मग ती खाली ठेवली आणि मला पाहिलं. म्हणाल्या, ‘बसता का जरा?’ आतून खुर्ची आणली. एवढंच. मी बसले. तोपर्यंत महिनाभर कोणी मला बस म्हटलं नव्हतं, पड म्हणत होते नाहीतर ऊठ म्हणत होते.’’ वर्गातलं कोणीतरी हळूच म्हणालं, काय लिहिलंय यार. खिडकीपाशी ती त्या वाक्यांची बेरीज करू पाहत होती: शाळेत होती ती मुलगी म्हणजे आपण. कुठलं दप्तर होतं तेव्हा, निळं की तपकिरी? त्या संध्याकाळी आपण काय खाल्लं? काहीच आठवेना. ती संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखीच गेली असणार, आणि ती इतर संध्याकाळींसारखी जावी यासाठी एका स्त्रीने एक खुर्ची ओढून आणली होती. उंचावर उभं राहून खाली केवढा प्रदेश पसरला आहे हे पाहावं तसं तिला झालं. हा प्रदेश ही बाई एकटी पायी चालून आली आणि आता इथे, दुपारच्या वर्गात, पोरांना वाट दाखवते आहे. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नटी नाही ही, अरे, नटी नाही. पण ठरलेलं म्हणजे ठरलेलं. तिने कागदावर पुटपुटीला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि म्हणाली, ‘‘पुढचा.’’ त्या दिवशी बसस्टॉपवर आईने फक्त तिच्या कानामागे लागलेला खडू बोटाने पुसला.

उंच मुलाच्या त्या दिवशीही वर्ग सुटल्यावर नेहमीसारखंच झालं. बसस्टॉपवर आई म्हणाली, ‘‘तुझा तो उंच चांगला होईल बघ. घाबरतो, म्हणजे आपण काय विचारतोय हे त्याला कळलंय. जे घाबरत नाहीत त्यांची मला भीती वाटते.’’ मग म्हणाली, ‘‘नकाशा पाठ झाला म्हणजे गाव पाहिलं असं नसतं. तरी नकाशा बरा असतो.’’ मग म्हणाली, ‘‘मॅडम, नवीन पिशवी घेऊन द्या एखादी, तुमच्या पेशंटची अब्रू जाते.’’ बस आली. मुलगी आता वेगळी राहायची, तिची बस दुसरी. आईने चढताना मागे न पाहता हात वर केला. पोचलीस की फोन कर, असं दोघी एकदमच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता आई गेली. गाळणं ओट्यावर होतं, चहा अर्धा गाळलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात असं होतं, कळलंसुद्धा नसेल. पण माणसं भेटायला यायला लागली तसा एक प्रश्न खोलीत यायला लागला. तो चपला काढताना, पाण्याचा पेला खाली ठेवताना, आवाज उतरवून विचारला जायचा: ‘‘कशाने?’’ हृदय म्हटलं की समोरचा माणूस मान हलवायचा, पण डोळे हलायचे नाहीत, तिथेच थांबून राहायचे, आणखी काहीतरी येईल म्हणून. सगळ्यांत जवळचा मामा. त्याचं बहिणीवर खरं प्रेम होतं. डोळे सुजले होते त्याचे. एका दुपारी घरात दुसरं कोणी नसताना तो आईच्या टेबलापाशी गेला, खण उघडला आणि म्हणाला, ‘‘अगं, एकदा मोजून बघ ना. तुझं तर तेच काम. आपल्या मनाचं समाधान.’’ खणात स्ट्रिपा होत्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. काही पूर्ण, एक अर्धी. मोजणं तिला अवघड नव्हतं. नजर टाकली असती तरी आकडा आपसूक डोक्यात आला असता, ते तिच्या हातचा मळ झालेलं. म्हणून तिने नजर टाकली नाही. मामाच्या चेहऱ्याकडे पाहत तिने तळवा स्ट्रिपांवर ठेवला, झाकण ठेवावं तसा. ‘‘मामा, गोळ्या कुठे पळून जात नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘तू जेवलास का?’’ मामा खुर्चीत बसला आणि मोठमोठ्याने रडला. तिने त्याला रडू दिलं. त्या खोलीला आईने कधीतरी एका दुपारी रंगवलेलं दार होतं, गडद हिरवं, एका बाजूला ओघळ सुकलेला.

तिने वर्ग चालू ठेवला, पण काउंटरसमोरची जागा रिकामी. पोरं विचारत, ‘‘बाई कधी येणार?’’ ती म्हणे, या आठवड्यात जमणार नाही त्यांना. हे वाक्य तोंडातून जाताना पाहुण्यांच्या गोळ्यांसारखंच घडाघडा जाई, आणि घरी जाताना बसस्टॉपवर तिला दोन बसगाड्या सोडून द्याव्या लागत. ठरलेलं होतं खरं, पण ज्याच्याशी ठरलं ते माणूस उरलं नसताना ठरलेल्याचं काय करायचं? कोणाला विचारायचं? ते माणूस असतं तर म्हणालं असतं, नीट बोल. एवढंच म्हणालं असतं.

उरलेली औषधं परत घेणारी काही दुकानं असतात. ती कचऱ्यात टाकू नयेत हे ती स्वतःच दरवर्षी शिकवते. एका दुपारी तिने खणातल्या स्ट्रिपा आईच्याच पिशवीत भरल्या, चेन अर्ध्यावर अडकली ती तशीच ठेवली, आणि घराजवळचं दुकान टाळून लांबच्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेली. लांब का, हे तिला रांगेत उभं राहिल्यावर कळलं आणि ती स्वतःशीच थोडीशी हसली. वारसा म्हणायचा. मागे खोकल्याच्या औषधासाठी आलेले एक गृहस्थ होते, बाबागाडी घेऊन एक बाई, आणखी दोघंतिघं. नंबर आला. तिने पिशवी काउंटरवर ठेवली.

‘‘मॅडम? तुम्ही?’’

पांढऱ्या कोटात पुटपुटी उभी होती. आता चष्मा लागलेला, केस कापलेले. ‘‘परत करायच्यात,’’ ती म्हणाली. ‘‘कोणाच्या आहेत?’’ पुटपुटीने विचारलं. विचारावंच लागतं, कामाचा प्रश्न. घशात तो शब्द तयारच होता, शाळेच्या गणवेशात, उत्तर पाठ करून आलेला. तिने तोंड उघडलं आणि तो शब्दही बाहेर पडेना, दुसराही पडेना. पुटपुटीचा हात पिशवीकडे आला. फटीतून आत गेला नाही. पिशवीवर आडवा ठेवला गेला, तळवा खाली करून, आणि पुटपुटीने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आली, भिंतीशी असलेली खुर्ची ओढून म्हणाली, ‘‘मॅडम, बसता का जरा?’’

ती बसली. खुर्ची साधी होती, एका पायाखाली घडी करून कागद घातलेला. पुटपुटी तिच्या समोर वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, हळू आवाजात विचारत गेली: झोप लागते का, जेवता का वेळेवर, घरी कोण आहे सोबतीला. ती उत्तरं देत होती आणि तिच्या आतली मॅडम, पेन टेकवून उभी असलेली, एकेक गोष्ट पाहत होती: उंची बरोबर ठेवली, घाई नाही, मागच्या रांगेला दुसऱ्या मुलीकडे वळवलं, डोळ्यानेच. आता पुढचा विचारेल का? शिक्षकाला विचारणं म्हणजे काय खायचं काम नाही. पुटपुटीने एकदा कोटाची बाही वर केली.

‘‘मॅडम, जगणं नको असं मनात येतं का?’’

आवाज कॉलरमध्ये गेला नाही. आणि मग पुटपुटी गप्प बसली. त्या गप्प बसण्यावर आईची सही होती. तेच थांबणं, तेवढंच लांब, दार सताड उघडं ठेवून बाजूला उभं राहिलेलं. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच आईच्या खोलीत आल्यासारखी तिथे बसून राहिली. हे इथे आहे, तिला वाटलं. ही मुलगी रोज हे करते. या खुर्चीत बसून कोणी कोणी घरी परत गेलं असेल, आणि त्या घरातल्या मुलांची ती संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखी गेली असेल.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘झोप नाही, कशात लक्ष नाही. पण ते नाही.’’

‘‘बरं,’’ पुटपुटी म्हणाली आणि श्वास सोडून हसली. ‘‘विचारावं लागतं. तुम्हाला काय मी सांगायचं! पण खरं सांगू, मॅडम, राग मानू नका, मला हे तुम्ही नाही शिकवलंत. त्या बाईंनी शिकवलं. त्या नटी. कुठे असतात हो त्या? एकदा त्यांना हे दुकान दाखवायचंय.’’ मग तिच्या चेहऱ्यात काहीतरी पाहून तिने आवाज आणखी खाली आणला. ‘‘आतल्या खोलीत बसायचं का? इथे लोक आहेत.’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘इथंच.’’

ती उठून उभी राहिली. खोकल्याच्या औषधाचे गृहस्थ सुटे पैसे खिशात टाकत होते, बाबागाडीतलं मूल चाकाकडे पाहत होतं, रांग जागच्या जागी होती. मागच्या बाकापर्यंत पोचवायचा आईचा तो आवाज आपल्यालाही येतो हे तिला ठाऊक नव्हतं, पण तो आला, कसलीही घाई नसलेला.

‘‘मघाशी तू विचारलंस ना, या कोणाच्या म्हणून? या गोळ्या माझ्या आईच्या. ती या जन्मभर घेत होती आणि जन्मभर शिकवत होती. गेल्या महिन्यात हृदय थांबून गेली, चहा गाळताना. आणि तुला ज्यांनी विचारायला शिकवलं ना, त्या बाई नटी नव्हत्या. ती माझी आई.’’